ठरावापासून पाण्यापर्यंत : महाड, १९२७

१/ महाडच्या चवदार तळ्याच्या इतिहासात ४ ऑगस्ट ही तारीख दोनदा येते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना सार्वजनिक पाणवठे खुले करावेत असा ठराव मंजूर केला. त्याच ठरावाच्या आधारे महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांसाठी खुले केले होते; तो आपला निर्णय नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी मागे घेतला. बरोबर चार वर्षे. या चार वर्षांत एक गोष्ट घडली होती : ठरावात जे लिहिले होते ते काही हजार माणसांनी प्रत्यक्ष करून पाहिले. मिळालेला हक्क वापरला जाताच तो काढून का घेतला गेला, हा या धाग्याचा विषय.

२/ आधी ठरावाविषयी. तो मांडला सीताराम केशव बोले यांनी. सार्वजनिक निधीतून बांधलेले व राखलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गांना वापरू द्यावेत, अशी शिफारस त्यात होती. पुढच्याच महिन्यात सरकारने आपल्या खात्यांना तशा सूचना दिल्या. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी स्वतःचा ठराव केला. कागदावर काहीच उणे राहिले नव्हते. तरीही पुढची तीन वर्षे एकाही अस्पृश्याने तळ्याचे पाणी भरले नाही, कारण भरण्याचे धैर्य कोणी केले असते तर त्याचे काय झाले असते, हे गावात सर्वांना ठाऊक होते.

३/ हे तळे इतके महत्त्वाचे का होते? महाड हे सावित्री नदीकाठचे, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण आणि मोठी बाजारपेठ. आसपासच्या खेड्यांतील अस्पृश्यांना बाजारहाटासाठी, सारा भरण्यासाठी, गावकामगार म्हणून कचेरीतल्या कामासाठी येथे वारंवार यावे लागे. बाहेरून आलेल्या माणसाला पाणी मिळेल असे शहरातले सार्वजनिक ठिकाण म्हणजे हे तळे. अस्पृश्य वस्तीतली विहीर बाजारापासून दूर होती. म्हणजे दिवसभर उन्हात काम करून माणसाने तहानलेलेच घरी परतायचे. तेच तळे मुसलमानांना खुले होते, ख्रिस्ती माणसाला खुले होते, गुराढोरांनाही कोणी हाकलत नसे.

४/ तथापि महाड म्हणजे केवळ जाचाचा प्रदेश नव्हता. याच तालुक्यातल्या रावढूळ येथे लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर राहत. अस्पृश्यतेवर शास्त्रार्थाच्या अंगाने हल्ला चढवणारे ‘विटाळ विध्वंसन’ त्यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केले. या भागातील अनेक महार कुटुंबांत लष्करी निवृत्तिवेतनधारक होते. पलटणीत त्यांना अक्षरओळख झाली होती, हुद्दे मिळाले होते, गावाबाहेरचे जग दिसले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली आणि तो दरवाजा मिटला. पण जे एकदा पाहिले होते ते विसरले गेले नाही. १९२७ ची परिषद या जमिनीवर उभी राहिली.

५/ परिषदेच्या उभारणीत स्थानिक तरुण रामचंद्र बाबाजी मोरे यांचा पुढाकार होता. अनंत विनायक चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे आणि नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे त्यांचे सहकारी. यांतले चित्रे व टिपणीस कायस्थ, तर सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. पुढे ब्राह्मणेतर पक्षाच्या केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, मात्र ब्राह्मणांना लढ्यात घेऊ नये अशी अट घातली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती अट नाकारली. वैर विशिष्ट जातीत जन्मलेल्या व्यक्तींशी नसून उच्चनीचतेच्या विचाराशी आहे, ही त्यांची भूमिका होती.

६/ कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ व २० मार्च १९२७ रोजी भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर : वय ३५, लंडनची डी.एस्सी. मिळवलेले बॅरिस्टर आणि मुंबई कायदेमंडळाचे नवे सदस्य. सुमारे अडीच हजार माणसे आली होती, बहुतेक पायी, अनेक जण भाकरी बांधून. या जमावाला पिण्यासाठी पाणी हवे होते. धनंजय कीर यांच्या चरित्रात नोंद आहे की परिषदेसाठी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घेण्यात आले. नगरपालिकेच्या ठरावाने ज्यांना तीन वर्षांपूर्वीच पाण्याचा हक्क दिला होता, त्यांनी त्याच गावात पाण्याचे पैसे मोजले. ठराव आणि वास्तव यांच्यातल्या अंतराची किंमत इतक्या नेमक्या आकड्यात क्वचितच सापडते.

७/ पहिल्या दिवशीच्या अध्यक्षीय भाषणात तळ्याहून इतर विषयांवर भर होता : मृत जनावरांचे मांस सोडा, मुलांना शिकवा, जातीने लादलेली कामे टाकून शेती धरा, लष्करभरतीची बंदी उठवण्याची मागणी करा. दुसऱ्या दिवशी कामकाज संपत आले तेव्हा अनंतराव चित्रे उठले आणि त्यांनी सुचवले की आपण सर्वांनी मिळून चवदार तळ्यावर जावे. मंडपात क्षणात चैतन्य आले. चार-चारांच्या रांगा झाल्या. मिरवणूक बाजारपेठेतून शिस्तीने तळ्याकडे निघाली. तळ्यावर आंबेडकरांनी ओंजळीत पाणी घेऊन प्राशन केले आणि त्यांच्या मागोमाग शेकडोंनी तसेच केले. मग सगळे जसे आले तसे शांतपणे मंडपाकडे परतले.

८/ घटना एवढीच. कोणाच्या अंगाला हात लागला नाही, कोणता नियम मोडला गेला नाही. उलट एक नियम प्रथमच पाळला गेला. पण दोनेक तासांतच गावात अफवा उठली की अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार. लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव मंडपावर चालून आला. निघण्याच्या तयारीत असलेली, जेवत बसलेली माणसे झोडपली गेली, शिजलेले अन्न मातीत मिसळले गेले. रस्त्यात गाठून एकेकट्यांना मारहाण झाली. काहींना मुसलमानांच्या घरांत आश्रय घ्यावा लागला.

९/ डॉ. आंबेडकर डाक बंगल्यात उतरले होते. तेथे संतापलेले शंभरेक तरुण गोळा झाले. एका शब्दाची ते वाट पाहत होते. तो शब्द त्यांना मिळाला नाही. आंबेडकरांनी त्यांना आवरले, जखमींना दवाखान्यात पाठवले, पोलिसांत तक्रारी नोंदवल्या. हल्लेखोरांवर खटला चालला आणि काहींना शिक्षा झाली. हा संयम नंतरच्या लढ्याचा पाया ठरला. प्रतिपक्षाने दंगलीचे मैदान आखले होते. आंबेडकरांनी झगडा कचेरी, वर्तमानपत्र आणि न्यायालय यांच्या मैदानात नेला. दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू झाले आणि महाडची बाजू मांडायला स्वतःची लेखणी मिळाली.

१०/ दरम्यान सनातनी मंडळींनी तळ्याची ‘शुद्धी’ केली. शेण, गोमूत्र, दूध व दही मिसळलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारांत तळ्यात ओतल्या गेल्या आणि पाणी पुन्हा पिण्यास योग्य ठरवले गेले. या विधीचा अर्थ सरळ होता : माणसाच्या स्पर्शाने बिघडलेले पाणी शेणाने सुधारते. महाडला गेलेल्यांच्या मनात मारहाणीपेक्षा हा अपमान खोल रुतला. मग ४ ऑगस्टला नगरपालिकेने ठराव मागे घेतला. हक्क निजून होता तोवर तो कोणालाच खुपला नव्हता. तो उठून चालू लागला तेव्हा तो रद्द करण्याची निकड भासली.

११/ उत्तर म्हणून डिसेंबरमध्ये दुसरी परिषद जाहीर झाली. या वेळी उद्देश उघड होता : सत्याग्रह. विरोधकांनीही तयारी केली. १२ डिसेंबर रोजी त्यांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. तळे स्पृश्यांचे आहे आणि अस्पृश्यांना तेथे न येऊ देण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे. १४ डिसेंबर रोजी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम काढला. परिषदेसाठी एकाही हिंदूने जागा दिली नाही. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली.

१२/ २४ डिसेंबर रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. धरमतरमार्गे गेल्यास पुढे मोटारवाले नेणार नाहीत, अशी भीती होती; म्हणून समुद्राची वाट. २५ तारखेला ते दासगाव बंदरात उतरले आणि तेथून सुमारे पाच मैल चालत महाडला पोहोचले. दहा ते पंधरा हजारांचा समुदाय जमला होता. अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली. चवदार तळ्याचे पाणी मिळाले नाही म्हणून आजवर आपण मेलो नाही आणि ते प्यायल्याने अमर होणार नाही; इतरांसारखेच आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तेथे जायचे आहे, असा त्या भाषणाचा आशय होता.

१३/ परिषदेने जन्मतः सर्व माणसे समान असल्याचा जाहीरनामा संमत केला. त्याच रात्री, सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या आणि पां. ना. राजभोज यांनी अनुमोदन दिलेल्या ठरावानुसार, मनुस्मृतीचे दहन झाले. पाण्याच्या प्रश्नात ग्रंथदहनाचे काय काम, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. उत्तर दाव्याच्या कागदांतच होते. विरोधक ज्या रूढीचा आधार घेत होते, ती रूढी ज्या प्रामाण्यावर उभी होती, त्या प्रामाण्यालाच ही आग लागली होती. तळ्यावरचा पहारा हा त्या ग्रंथातल्या समाजरचनेचा एक कोपरा होता.

१४/ आता प्रश्न उरला मनाई हुकमाचा. जवळजवळ चार हजार जणांनी सत्याग्रहासाठी, म्हणजे तुरुंगात जाण्यासाठी, नावे नोंदवली होती. हुकूम मोडला असता तर झगडा सनातन्यांशी न राहता सरकारशी झाला असता, आणि विरोधकांना नेमके तेच हवे होते. जिल्हाधिकारी स्वतः परिषदेत आले आणि न्यायालयाचा निकाल येईपर्यंत थांबावे असे त्यांनी सांगितले. प्रदीर्घ चर्चा झाली. माघार घेण्याच्या विचाराने अनेकांचा जीव कासावीस झाला. अखेर आंबेडकरांच्या सल्ल्याने सत्याग्रह तहकूब झाला.

१५/ त्यानंतर जे झाले ते या लढ्यातले सर्वांत विलक्षण दृश्य आहे. हजारोंची मिरवणूक निघाली, शहरातून फिरत तळ्याकडे गेली, तळ्याला वळसा घालून परत आली. पाण्याला कोणी स्पर्श केला नाही. मार्चमध्ये ज्यांनी मार खाल्ला होता, मैलोन्‌मैल चालून जे आले होते, त्यांनी हाताच्या अंतरावरचे पाणी पाहिले आणि ते पुढे गेले. हा पराभव होता का? त्या रात्री परतताना अनेकांना तसेच वाटले असेल. पण ज्यांना कायद्याने कधीच आपले मानले नव्हते, त्यांनी त्या दिवशी कायद्याला आपल्या बाजूने येण्यासाठी मुदत दिली. ही मुदत देण्याचे बळ समुदायापाशी आहे, हे महाडने पाहिले.

१६/ याच मुक्कामात डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. अस्पृश्यतेची खूण म्हणून लादलेली नेसण्याची पद्धत टाका, इतर स्त्रियांप्रमाणे घोट्यापर्यंत लुगडे नेसा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. तो उपदेश तेथल्या तेथे अमलात आला; अनेक स्त्रियांनी लगेच लुगड्याचे नेसणे बदलले. घरचे पाणी भरण्याचे काम ज्यांच्या वाट्याला होते, पाणवठ्यावरचा अपमान रोज सोसणाऱ्या ज्या होत्या, त्यांच्यासाठी हा लढा दूरचा नव्हता. ज्या बदलाला न्यायालयाची परवानगी लागत नव्हती, तो त्यांनी त्याच दिवशी करून टाकला.

१७/ मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला. मूळ दावा मात्र चालूच राहिला. १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. वादी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात गेले. तेथे १९३३ मध्ये हरले. मग ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती एन. जे. वाडिया यांनी १७ मार्च १९३७ रोजी अपील फेटाळले. गांधीजींवरचा १९२२ चा राजद्रोहाचा खटला ज्यांच्यापुढे चालला, तेच हे ब्रूमफील्ड. पहिल्या ओंजळीपासून या निकालापर्यंत दहा वर्षांना तीन दिवस कमी होते.

१८/ या निकालाचा आधार काय होता, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहण्यासारखे आहे. माणसे समान आहेत म्हणून तळे खुले, असे न्यायालयाने म्हटले नाही. वादींनी सांगितलेली रूढी अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून ते हरले. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्याआधी असे काही निर्बंध होते की नाही, याचीच न्यायालयाला शंका वाटली. म्हणजे लढा जिंकला गेला तो पुराव्याच्या अभावावर. कोणी अधिक भक्कम पुरावा आणला असता तर? हा प्रश्न त्या निकालाने अनुत्तरित ठेवला. रूढी जुनी असली की तिला मान द्यायचा, हे तत्त्व शाबूतच राहिले.

१९/ त्या प्रश्नाचे उत्तर तेरा वर्षांनी आले. संविधानाच्या अनुच्छेद १३ नुसार मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले कायदे निरर्थक ठरतात, आणि तेथे ‘कायदा’ या शब्दात कायद्याइतकी मातब्बरी असलेली रूढी व परिपाठही धरले आहेत. अनुच्छेद १५ (२) नुसार राज्याच्या निधीतून राखलेल्या किंवा जनतेसाठी अर्पिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराला जातीच्या कारणावरून मज्जाव करता येत नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. हे शब्द एकट्या महाडमुळे आले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. देशभर असंख्य पाणवठ्यांवर असे झगडे झाले होते. पण महाडच्या दाव्यात जी फट उरली होती, ती या तीन अनुच्छेदांनी बुजवली, हे निश्चित. मसुदा समितीचा अध्यक्ष त्या दाव्यात प्रतिवादी होता.

२०/ जगाच्या एका मूलभूत दस्तऐवजात ‘तलाव’ हा इतका साधा, चिखलपाण्याचा शब्द असावा, याचे परक्या वाचकाला नवल वाटते. स्वातंत्र्य, समता असल्या भारदस्त शब्दांच्या शेजारी तो जरा अवघडून उभा असल्यासारखा दिसतो. महाड माहीत असलेल्याला तसे वाटत नाही. समता हा शब्द ठरावांत पुष्कळदा येऊन गेला होता. तो अडला होता तो तळ्याच्या पायरीवर. म्हणून पायरीचे नाव घेऊनच तो लिहावा लागला.

२१/ आणि तरीही, १९२३ चा ठराव आणि १९५० चे संविधान यांत एक साम्य उरते : दोन्ही शेवटी लिहिलेले शब्द आहेत. १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध कायदा करावा लागला, १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा करावा लागला, आणि पाणवठ्यावरून दलितांना मारहाण झाल्याच्या बातम्या आजही थांबलेल्या नाहीत. प्रत्येक पिढीत कोणाला तरी मंडपातून उठून, बाजारपेठेतून चालत, तळ्यापर्यंत जावे लागते.

२२/ आज तळ्याच्या मध्यभागी बाबासाहेबांचा पुतळा आहे. दरवर्षी २० मार्चला हजारो माणसे महाडला येतात. रांगेने पायऱ्या उतरतात, वाकून पाण्याला हात लावतात, काही जण ओंजळ ओठांना लावतात. आता त्यांना कोणी अडवत नाही. दुकानात बाटलीबंद पाणी मिळते, म्हणजे तहान भागवायला तळ्याची गरजही उरलेली नाही. तरी ती ओंजळ घेतली जाते. १९२७ मध्येही ती केवळ तहानेसाठी नव्हती.